इंझोरीचं आपोआप फिरणारं चाक

तुमच्या यंत्रांच्या आठवणी लिहा, असा दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा आमच्या घरात सगळे हसले. मी उभा जन्म कापसाच्या जिनात फिटरकी केली. यंत्राच्या आठवणी काय असणार? पट्टा उतरला, चढवला. बेअरिंग तापलं, तेल दिलं. मालक ओरडला, ऐकून घेतलं. चकली खाता खाता वाचावं असं ह्यात काय आहे? पण यंत्र घेऊन येणारी माणसं! बाप्पा, त्यांच्यावर लिहायला बसलो तर ह्या अंकात जाहिरातींनाही जागा उरायची नाही. म्हणून एकाच माणसाचं सांगतो, आणि त्याच्या एकाच चाकाचं.

आमचा जिन मंगरूळपीरला होता. जिन म्हणजे कापसातली सरकी एकीकडे आणि रुई दुसरीकडे करायचा कारखाना. दिवाळीनंतर तो जो धडधडायला लागायचा तो उन्हाळा चांगला तापेपर्यंत. पावसाळ्यात सगळं बंद. पगार अर्धा व्हायचा, भूक मात्र अर्धी होत नसे. त्यामुळे जिनाच्या मागच्या टिनाच्या छपरात मी बाहेरची कामं घ्यायचो. सोबतीला दर्ग्याजवळ राहणारे रहीमचाचा सुतार. लोखंड माझं, लाकूड त्यांचं.

इंजिन दुरुस्त करणारा माणूस जगातलं काहीही दुरुस्त करतो, अशी आमच्याकडे लोकांची पक्की समजूत. एका पुजाऱ्याने देवळाचं घड्याळ आणलं. घड्याळ ठणठणीत होतं. म्हणे, "पहाटेचे टोले जरासे कमी करून दे, झोपमोड होते." एका धान्यवाल्याला तराजू जरा समजूतदार करून हवा होता. मी म्हणालो, "शेटजी, तराजू समजूतदारच आहे, त्याचाच तर तुम्हाला त्रास होऊन राह्यला." तो पुन्हा आला नाही. असली माणसं येत, चहा पीत, माझा वेळ खात आणि जात. मला वाटायचं, ह्याहून वेगळं आता काय येणार?

तेव्हा इंझोरीचे नानासाहेब आले.

ही दुसऱ्या महायुद्धाच्या अगोदरची गोष्ट. नानासाहेब गावचे मोठे जमीनदार. संत्र्याची बाग, दांडगी विहीर, डोक्यावर जरीची टोपी आणि टोपीखाली सतत काहीतरी शिजत असलेलं डोकं. माणूस वाईट नव्हता हो, उलट दिलदार. फक्त त्यांना रिकामा वेळ फार होता. दमणीतून, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीतून उतरले, माझ्याशी बोलायच्या आधी भट्टीतला एक कोळसा उचलला आणि छपरातल्या फरशीवर हे भलं मोठं वर्तुळ काढलं.

"मिस्त्री, हे पाह्य. हे चाक एकडाव लावलं का पुन्हा थांबत नाई. पानी काढते, अन् खात काईच नाई."

"मंग हे चाक नसन नानासाहेब, जावई असन," रहीमचाचा रंधा मारता मारता म्हणाले. "पर जावई बी खाते."

नानासाहेबांना हसायला वेळ नव्हता. हा शोध त्यांना विहिरीवर लागला होता. कसा, ते सांगायचं तर आधी मोट सांगायला हवी, कारण पंप आल्यापासून मोट न पाहिलेली माणसं फार झाली आहेत. मोट म्हणजे कातड्याचा मोठा पखालीसारखा डोल. त्याचा दोर विहिरीवरच्या चाकावरून येऊन बैलांच्या जुवाला बांधलेला. विहिरीपासून एक उतार खणलेला असतो, त्याला धाव म्हणतात. बैल धावेवरून खाली चालले की भरलेली मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या दगडी कुंडीत पडतं. मग बैलांनी मागं मागं सरकत तोच चढ चढून विहिरीपाशी यायचं, म्हणजे रिकामी मोट पुन्हा खाली जाते. बैल खाली जात असताना मोट हाकणारा ताणलेल्या दोरावर चक्क बसतो. त्याचं वजन बैलांच्या मदतीला येतं, आणि बिचाऱ्याला तेवढाच विसावा. परत येताना मात्र तो पायी चढतो.

नानासाहेबांचा मोटकरी किसन. मोटेवर तो असा गायचा की रस्त्यावरच्या गाड्या थांबायच्या. नानासाहेब रोज थारोळ्याच्या कडेला बसून पाहायचे: किसन दोरावर बसला की मोट झरझर वर.

"म्हंजे काम कोन करून राह्यलं, मिस्त्री? वजन! किसनचं वजन! मंग बैल कायले पायजे?"

"अन् वर कोन नेते ते वजन, नानासाहेब? बैल चढ चढतात, किसन पायानं येते."

"थे तं येतातच," असं म्हणून त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला.

राजेहो, माझं अजून मत आहे की सगळी चूक त्या एका हाताच्या झटक्यात होती. बाकीचं चाक फारच हुशारीने रचलेलं होतं. बैलगाडीच्या चाकाच्या दुप्पट मोठं चाक. त्याच्या कडेला बिजागरीने लावलेले दांडे, प्रत्येक दांड्याच्या टोकाला लोखंडी गोळा. चाक फिरताना उजवीकडे उतरणारा दांडा बाहेर पडून सरळ होतो, म्हणजे गोळा आसापासून लांब जातो. डावीकडे चढणारा दांडा दुमडून चाकाला चिकटतो, गोळा आसाजवळ येतो. आता लांबचं वजन जास्त दाबतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कावडीचा एक दांडा लांब ठेवा आणि चालून पाहा. म्हणजे उजवी बाजू कायमची जड, डावी कायमची हलकी. चाक बिचारं थांबणार कसं?

मी सांगितलं, "नानासाहेब, आधी मी बॉयलरमध्ये लाकडं कोंबली, आता इंजिनाला तेल पाजतो. जे चालतं ते खातं, हे मी ह्या हातांनी पाहिलंय. तुमचं चाक चालणार नाही."

"तू फक्त बनव," ते म्हणाले. "चालन तं थे आपोआपच."

कप्पाळ! आम्ही कामाला लागलो.

चाक न्यायला किसन गाडी घेऊन आला. काळा, उंच, पायाचे पंजे धावेवर चालून चालून फावड्यासारखे रुंद झालेले. गाडीला मोटेचेच बैल जुंपलेले होते, चांद्या आणि लाल्या. म्हणजे ज्या यंत्रामुळे बैलांची गरज संपणार होती ते यंत्र बैलांनीच ओढून नेलं, आणि तेही इंझोरीच्या वाटेवरच्या चिखलातून. हा विनोद फक्त मला दिसला. किसनला दिसला असेल, पण त्याला हसू येत नव्हतं. गाव सोडल्यावर त्याने विचारलं,

"मिस्त्री, खरं सांग. हे चालन काय?"

"नाही चालणार."

"मालक म्हंते चालन. चाललं तं बैल रिसोडच्या बजारात नेतो म्हंते. वासरं होते तवापासून मीनं वाढवले. मले म्हंते, तुले दुसरं काम देतो." बैलांना चुचकारून म्हणाला, "मले दुसरं काम येत नाई ना."

मी त्याला छातीठोक सांगितलं, "किसनभाऊ, निवांत ऱ्हाय. जगात कोणाच्या बापाच्यानं हे चाक चालायचं नाही." माझं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. किसनला त्याचा उपयोग मात्र काडीचा झाला नाही, ते पुढे येईलच.

विहिरीवर चाक बसवलं. त्याला रॉकेलच्या डब्यांची माळ जोडायची होती. चाक फिरलं की डबे भरून वर येणार आणि ओतले जाणार. पण आधी नुसतंच चाक फिरवून पाहायचं ठरलं. नानासाहेबांनी नारळ फोडला, जोर लावून ढकललं. गोळे खणाखण आपटत चाक फिरलं, फिरलं, हळू झालं, म्हाताऱ्यासारखं दोनदा मागं-पुढं डुललं आणि उभं राहिलं.

"घर्षण!" नानासाहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी कुठून तरी पैदा केला होता, आणि आता तो पावसाळाभर पुरणार होता.

रहीमचाचांनी एरंडीचं तेल पाजलं. चाक थोडं जास्त फिरलं. मी जिनाच्या भंगारातून चांगली बेअरिंगं काढून आणली, घासली, बसवली. आता चाक एक विडी ओढून होईस्तोवर फिरू लागलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही झपाटलं. चालणार नाही हे ठाऊक असलेला मी, जेवताना मनात गोळ्यांची वजनं बदलू लागलो. दांडे लांब केले, आखूड केले, गोळे वाढवले. रहीमचाचा म्हणत, "मिस्त्री, तेरा बी दिमाग घुमू लागला, अन् बिना ढकेले!" चाक प्रत्येक वेळी थोडं जास्त फिरे, आणि प्रत्येक वेळी दोनदा डुलून उभं राही. आशा माणसाला किती गाढव करते बघा: जास्त वेळाने थांबणारं चाक म्हणजे न थांबणारं चाक, असं आम्हा सगळ्यांना वाटू लागलं होतं.

एका दुपारी मी कंटाळून म्हटलं, "आज ढकलू नका. नुसतं सोडा. उजवी बाजू कायमची जड आहे ना? मग तिनं स्वतःहून खाली यायला पाहिजे."

चाक हाताने धरून ठेवलं, हळूच सोडलं. चाक जरासं इकडे, जरासं तिकडे झालं, आणि गप्प. गाभाऱ्यातल्या देवासारखं गप्प. दुसऱ्या ठिकाणी धरून सोडलं, तेच. आम्ही चौघं त्याच्याकडे आणि ते आमच्याकडे पाहत राहिलो.

मग मी पहिल्यांदा गोळे मोजले. जे पहिल्या दिवशी करायला हवं ते माणूस शेवटी करतो. उजवीकडे दांडे पसरलेले, म्हणून त्या बाजूला गोळे थोडे. डावीकडे दुमडून दाटीवाटीने बसलेले, म्हणून तिकडे पुष्कळ. उजवीकडे लांबचे थोडे, डावीकडे जवळचे जास्त. हिशेब बरोबर फिटलेला. ते चाक नव्हतंच, तो वर्तुळाकार तराजू होता, आणि तराजू मुळातच समजूतदार असतो हे मी धान्यवाल्याला सांगून चुकलो होतो.

दुसरं म्हणजे, गोळा कोणत्याही वाटेने गेला तरी जितका खाली येतो तितकाच त्याला वर जावं लागतं. खाली येताना जी शक्ती देतो तीच वर जाताना मागून घेतो, लांबच्या वाटेने गेला काय किंवा जवळच्या. मधे जे थोडंफार सांडतं ते घर्षणात. बेअरिंग चांगली केली की सांडणं कमी होतं, एवढंच. समजा घर्षण पार नाहीसं केलं, तरी ढकललेलं चाक फार तर फिरत राहील. त्याला पाण्याचा एक डबा लावा, की आलंच उभं राहायला. त्याच्याजवळ द्यायला काही उरलेलंच नसतं. किसनचा दोर तसाच. खाली जाताना बसायचं सुख आहे, पण ते सुख त्याने आधी चढ चढून कमावलेलं असतं.

हे सगळं मी नानासाहेबांना समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, चला, सुटलो. मग म्हणाले,

"तुह्या जिनच्या इंजिनले हॅण्डल मारा लागते का नाई?"

"लागतं की."

"मंग? येवढं मोठं इलायती इंजिन, थे बी सोता सुरू होत नाई. आपलं तं देशी हाय."

"नानासाहेब, ते हॅण्डल मारलं की तेल पिऊन चालतं!"

"अन् हे काई पीत नाई," ते डोळे मिचकावून म्हणाले. "थोच तं फायदा हाय."

ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे चिखलात गाडी ढकलणं. त्यांनी चाकाला डब्यांची माळ जोडली आणि मागे एक कुडाची खोली बांधून घेतली. चाकाचा आस कुडातून आत गेला, आणि आतल्या टोकाला हॅण्डल. बघ्यांचे कपडे अडकू नयेत म्हणून खोली, असं कारण दिलं. सुरुवातीला जरा फिरवायला म्हणून आत किसनला ठेवलं.

सुरुवात काही संपेना. किसनने हात काढला की चाक डुलून थांबे. मग नानासाहेब म्हणत, "जराशीक अजून गती येऊ दे." पावसाने मधेच दडी मारली होती. पहाटे किसन बैलांबरोबर मोट हाकून बागेला पाणी देई, कारण संत्र्याच्या झाडांना भौतिकशास्त्रात रस नव्हता, त्यांना पाणी हवं होतं. आणि उजाडल्यावर बघे यायला लागले की तो खोलीत जाऊन चाकाला सुरुवात करून देई. मानोरा, मंगरूळ, कुठून कुठून माणसं येत. चाक गरगर फिरतंय, डबे भरून वर येताहेत, आणि बैलाचं शेपूटसुद्धा दिसत नाही! लोक हात जोडत. एका बाईने चाकाला हळदकुंकू वाहिलं.

"चाकातून धापा कायच्या ऐकू येऊन राह्यल्या?" एका म्हाताऱ्याने एकदा विचारलं.

"हवा हाय थे," नानासाहेब म्हणाले. "गोळे हवा कापतात."

किसनला खोलीत गायची मनाई होती. हवा काही लावणी म्हणत नाही ना!

मी नानासाहेबांना स्पष्ट म्हटलं, "हे चाक किसन फिरवून राह्यला." त्यावर त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बारा आणे काम चाकच करते, मिस्त्री. किसन फक्त चार आणे." आणि गंमत अशी की ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा मनापासून विश्वास होता. लबाड माणसाला पकडता येतं, पण प्रामाणिकपणे फसलेल्या माणसाला कुठून धरणार? ते बारा आणे कुठून येतात हे किसनच्या दंडांना विचारायला हवं होतं. त्याच्या हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. खांदा उतरल्यासारखा दिसू लागला. मला त्याच्याकडे पाहवत नसे, आणि राग यायचा तो दोघांचाही. एकाचा सांगतो म्हणून, आणि एकाचा ऐकतो म्हणून.

"कायले फिरवतं रे?" मी विचारलं.

"मालकाचं मन हाय," तो म्हणाला. "अन् जोपर्यंत मी इथं हाय तोपर्यंत बैल बी इथंच हायत."

पण ते तसं नव्हतं. चाकाचा बोभाटा अकोल्यापर्यंत गेला. तिथले एक वकील पाहायला येणार होते. पसंत पडलं तर गावोगावच्या विहिरींवर अशी चाकं बसवायचा त्यांचा विचार होता. नानासाहेबांनी दिवस नेमला पोळ्याचा, कारण त्या दिवशी आसपासची सगळी माणसं गावात असतात. शिवाय बैलांच्या सणालाच बैलांना कायमचं मोकळं करायचं, ही त्यांना फार थोर कल्पना वाटली. मोकळं करायचं म्हणजे विकायचं. रिसोडच्या बाजारातला दलाल बैल पाहून गेलाही होता. पोळा झाला की दुसऱ्या दिवशी तो चांद्या-लाल्याला घेऊन जाणार होता.

मला आणि रहीमचाचांना मुख्य कारागीर म्हणून फेट्याचं आमंत्रण आलं. आम्ही आदल्या दिवशीच पोचलो. संध्याकाळी गोठ्यात खांदशेकणी चाललेली. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना आंघोळ घालतात आणि पळसाच्या पानांनी तूप-हळद लावून त्यांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून ते भरून आलेले असतात ना. शेकता शेकता बैलाला जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण द्यायचं, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' किसन हे चांद्याच्या कानाशी म्हणत होता. उद्याचं जेवण त्या बैलांचं इथलं शेवटचं होतं.

रहीमचाचा बाजूला उभे होते. किसन पान डाव्या हातात घेऊन शेकतोय, उजवा वर उचलत नाही, हे पाहून म्हणाले, "अबे किसन, बैलाईचे खांदे तू शेकतं. तुहा खांदा कोन शेकन?"

किसन हसला. "माह्या खांद्यावर जू कुठं हाय, चाचा?"

मग त्याने आपल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं, आणि जुवाचा वळ शोधावा तसा त्यावरून हात फिरवला.

पोळ्याला दुपारी सगळं गाव विहिरीवर. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल गावातल्या तोरणाखाली जायला जमलेले. पुढे खुर्चीवर वकील, शेजारी नानासाहेब नवं उपरणं घेऊन, मागे आम्ही फेटेवाले मूर्ख. नानासाहेबांनी भाषण केलं. माणसानं जनावराला किती राबवलं, त्याला आता मुक्ती, वगैरे. चांगलं झालं भाषण. मग त्यांनी कुडावर हळूच दोनदा टकटक केलं, आणि चाक फिरू लागलं.

डबे वर आले, पाणी पडलं, टाळ्या पडल्या. वकील खुर्चीवरून उठून जवळ आले. चाकाभोवती हिंडले, वाकले, वर पाहिलं. चाक फिरतच होतं. नानासाहेबांचा चेहरा असा उजळलेला की एका क्षणासाठी मलाही वाटलं, फिरो बाबा हे, कसंही फिरो.

तेवढ्यात गावात वाजंत्री सुरू झाली. तोरणाची वेळ झाली, असा पुकारा झाला. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या. आणि चाक हळू झालं.

दोनदा डुललं. थांबलं. डब्यांतलं पाणी टपटप गळत राहिलं.

नानासाहेबांनी कुडावर टकटक केलं. मग जोरात केलं. मग भान सुटलं आणि सगळ्या गावासमोर, वकिलांसमोर, आपोआप फिरणाऱ्या त्या चाकाकडे तोंड करून ते ओरडले,

"किसन! फिरव ना बे!"

कुणी हसलं नाही. खोलीचं कुडाचं दार सरकलं आणि किसन बाहेर आला. घामाने निथळत होता, धोतर अंगाला चिकटलेलं. पाण्यातून काढल्यासारखा दिसत होता, फक्त ते पाणी विहिरीचं नव्हतं. मालकापुढे येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही, मानही वर केली नाही.

"आज पोळा हाय, मालक," तो म्हणाला. "आज कोनालेच जुंपत नाईत."

आणि गर्दीतून वाट काढत चांद्या-लाल्याजवळ गेला, कासरा हातात घेतला, आणि बैल तोरणाकडे घेऊन चालू लागला. माणसं बाजूला झाली. त्याच्यामागून एकेक करत सगळं गाव गेलं. वकिलांनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना अकोल्याचं काहीतरी तातडीचं काम आठवलं. विहिरीवर उरले ते नानासाहेब, चाक, आणि आम्ही दोघं. रहीमचाचांनी डोक्यावरचा फेटा काढून घडी केली. मी आधीच सांगितलं होतं, हे सांगायची ती वेळ नव्हती. नाही तर मी सोडतो होय?

दुसऱ्या दिवशी मी बेअरिंगं सोडवायला थांबलो होतो. सकाळी किसनने मोट जुंपली. बऱ्याच दिवसांनी गाणं ऐकू आलं. नानासाहेब थारोळ्याच्या कडेला येऊन बसले. रात्रभर डोळा लागलेला दिसत नव्हता. त्यांना किसनकडे बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तरी बी मिस्त्री, थो दोरावर बसते ना, थे वजन..."

मी पाना खाली ठेवला. पण उत्तर किसननेच दिलं.

"मालक, तुमी एकडाव बसून पाहा ना."

नानासाहेब उठले, उपरणं कंबरेला बांधलं आणि दोरावर बसले. बैल चालले, नानासाहेब झोपाळ्यावर बसल्यासारखे धाव उतरून गेले. खाली पोचले तेव्हा चेहऱ्यावर जग जिंकल्याचा आनंद. "पाह्य! काईच लागलं नाई!"

"आता वर या," किसन म्हणाला.

ते आले. पुन्हा बसले, पुन्हा उतरले, पुन्हा चढून आले. हट्टी माणूस. ऊन तापलं. उतरताना बोलणं बंद झालं, मग चढताना मधे थांबणं सुरू झालं, मग गुडघ्यावर हात ठेवून चढणं. बाग अर्धीही भिजली नव्हती. शेवटी ते चढावर मध्येच बसले, आणि किसन त्यांना धरून थारोळ्यापाशी घेऊन आला. फुकट काही खाली येतच नाही, सगळं कुणीतरी वर आणलेलं असतं, हे मी पावसाळाभर कोळशाने फरशीवर काढून दाखवलं होतं. मालकाला ते गुडघ्यांत कळलं.

तेवढ्यात रिसोडचा दलाल आला. कासरा बरोबरच घेऊन आला होता.

"बैल घेऊन जातो, नानासाहेब."

नानासाहेब धापा टाकत होते. चांद्या-लाल्याकडे पाहिलं, मग चाकाकडे.

"बैल विकाचे नाईत," ते म्हणाले. "थे चाक न्याचं असन तं ने. फुकट ने."

दलालाने चाकाकडे एकवार पाहिलं आणि आल्या वाटेने परत गेला. व्यवहारी माणूस.

किसन मात्र गोठ्यात गेला होता. तो परवाची उरलेली पळसाची पानं आणि तूप-हळदीची वाटी घेऊन आला. तिथेच काटक्या पेटवल्या, पान गरम केलं आणि मालकाच्या पुढ्यात बसून त्यांचे गुडघे शेकू लागला. नानासाहेबांनी डोळे मिटून घेतले होते. किसनने दुसरं पान आगीवर धरलं आणि चांद्याच्या कानाशी बोलला होता त्याच आवाजात म्हणाला,

"आज आवतन घ्या, मालक. उद्या मोटंवर या."